‘ऑन अ व्हिम’ कधी म्हणायचं आणि कधी नाही

परळला आमचा इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग चालतो. दिवसभर नोकरी करून येणारी माणसं असतात. कुणी गोदामात हिशेब लिहितं, कुणी दुकानात काउंटर सांभाळतं, कुणी चार घरचा स्वयंपाक करून येतं. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडचा एक मुलगा मुलाखतीहून थेट वर्गात आला, शर्ट अजून इन केलेला. म्हणाला, “बाई, सगळं छान चाललं होतं. मग साहेबांनी विचारलं, व्हाय डिड यू लीव्ह युअर लास्ट जॉब? मी म्हटलं, ऑन अ व्हिम, सर. साहेब एकदम गप्पच झाले.”

त्याला सांगायचं होतं की नोकरी मी स्वतःच्या मनाने सोडली, मला कुणी काढलं नाही. ही तर त्याच्या बाजूची गोष्ट होती. रात्रपाळी, घरी आजारी वडील, चार महिने विचार करून दिलेला राजीनामा. मोबाइलमधल्या शब्दकोशात ‘मनाची इच्छा’ असं काहीतरी वाचून त्याने शब्द उचलला आणि समोरच्याने ऐकलं ते असं: ‘आली लहर, सोडली नोकरी.’

हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या नव्याने इंग्रजी बोलू लागलेल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. व्हिम हा शब्द छोटा आहे, गोड आहे आणि मुंबईत रोज कानावर पडतो. पण त्यात एक निवाडा दडलेला असतो: या गोष्टीला कारण नव्हतं. तो निवाडा आपल्याला खरंच द्यायचा आहे का, हे ठरवता आलं की शब्द आला.

पहिली पायरी: आधी मराठी शब्द पकडा

मराठीत ‘मन’ फार कामं करतं. स्वतःच्या मनाने केलं, मनापासून केलं, मनाविरुद्ध केलं, मनात आलं म्हणून केलं. चारही वाक्यांत मन आहे, पण व्हिम फक्त शेवटच्या वाक्यात बसतो. ‘स्वतःच्या मनाने’ म्हणजे कुणी भाग पाडलं नाही. त्याला इंग्रजीत ‘ऑफ माय ओन अकॉर्ड’ म्हणतात. नोकरीच्या बाबतीत तर नुसतं ‘आय रिझाइन्ड’ पुरतं. ‘मनापासून’ला ‘होलहार्टेडली’ किंवा ‘आय रिअली वॉन्टेड टु’. आणि ‘मनात आलं म्हणून’, म्हणजे आगापिछा नाही, कारण नाही, काल ठरवलेलं नाही, तिथे ‘ऑन अ व्हिम’.

शब्दकोशात व्हिमपुढे बहुतेक ‘लहर’ लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण तेवढ्याने भागत नाही, कारण अचानक मनात उठणाऱ्या गोष्टींसाठी मराठीकडे एकच शब्द नाही, अख्खं कपाट भरलेलं आहे. मला तर वाटतं या बाबतीत आपण इंग्रजीपेक्षा जास्त श्रीमंत आहोत. म्हणून माझा आग्रह असतो की इंग्रजी शब्द शोधण्याआधी स्वतःला विचारा, मराठीत मी काय म्हटलं असतं?

हुक्की आली म्हटलं असतं, तर व्हिम. सगळ्यात जवळचा शब्द हाच. रात्री अकरा वाजता पोहे करायची हुक्की, रविवारी सकाळी कपाट आवरायची हुक्की. थोडी गंमत आहे, नुकसान फारसं नाही, आणि उद्या ती राहणार नाही.

तलफ आली म्हटलं असतं, तर व्हिम मुळीच नाही. चहाची, तंबाखूची, गोडाची तलफ शरीरातून येते आणि पुन्हा पुन्हा येते. तिला ‘क्रेव्हिंग’. चहा प्यावासा वाटतोय एवढंच सांगायचं असेल तर ‘आय फील लाइक हॅविंग टी’. ब्रिटिश लोक ‘आय फॅन्सी अ कप ऑफ टी’ असंही म्हणतात. हा फॅन्सी म्हणजे आपला फॅन्सी ड्रेसवालाच शब्द. मुळात तो फँटसीचं आखूड रूप, म्हणजे कल्पना, आणि तिथून मनाची ओढ.

उबळ वेगळी. हसण्याची उबळ, खोकल्याची उबळ, ती दाबावी लागते. हसू दाबत असाल तर ‘अर्ज’: ‘आय हॅड अ सडन अर्ज टु लाफ’. एकदा सुटलीच तर ‘फिट’: ‘अ फिट ऑफ लाफ्टर’, ‘अ फिट ऑफ कफिंग’. हा अर्ज ऐकून आपल्याला रजेचा अर्ज आठवतो, पण दोघांचा संबंध नाही. इंग्रजी अर्ज लॅटिनमधून आला आहे आणि मुळात त्याचा अर्थ दाबणं, रेटणं असा आहे. उबळीला तो का चालतो ते यावरून लक्षात राहील.

तिरमिरीत केलेली गोष्ट, सणक डोक्यात गेल्यावर केलेली गोष्ट, यांना व्हिम म्हणू नका. तिरमिरीत राग आहे, व्हिममध्ये राग नाही. तिथे ‘इन अ फिट ऑफ अँगर’ किंवा ‘इन द हीट ऑफ द मोमेंट’. भांडणात मोबाइल भिंतीवर आपटला आणि नंतर कुणी म्हणालं ‘ही ब्रोक इट ऑन अ व्हिम’, तर ऐकणाऱ्याला वाटेल की बसल्या बसल्या कंटाळा आला म्हणून फोडला.

खूळ दोन आठवडे टिकतं, कधी दोन वर्षं. त्याला ‘क्रेझ’ किंवा ‘फॅड’. उमाळा प्रेमाचा किंवा दुःखाचा येतो, त्याला ‘सर्ज’. लिहिण्याची, गाण्याची आतून येणारी ऊर्मी असेल तर ‘अर्ज’ किंवा ‘इम्पल्स’. तिला व्हिम म्हटलं तर ज्याची ऊर्मी आहे त्याला वाईट वाटेल, आणि ते रास्तच आहे.

आणखी एक शब्द आहे, सहज. “काही नाही, सहज आलो होतो.” हा व्हिम आहे का? वर्गात यावर दर वर्षी वाद होतो. माझं मत असं की बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे ‘सहज’ हा सभ्यपणाचा शब्द आहे. पाहुणा सहज आलेला असतो आणि चहा संपता संपता मुलीच्या स्थळाचा विषय निघतो. म्हणून ‘सहज आलो’ला ‘आय जस्ट ड्रॉप्ड इन’ म्हणा. त्यात कारण असो वा नसो, वाक्य खरं राहतं.

दुसरी पायरी: उच्चार

लेखात मी ‘व्हिम’ लिहिते आहे, कारण मूळ स्पेलिंगमध्ये डब्ल्यूच्या पाठोपाठ एच येतो आणि असे शब्द आपण व्हॉट्सॲप, व्हाइट असेच लिहितो. पण ‘व्हिक्टोरिया’मधलाही व्ह आपण तसाच लिहितो, आणि तो व्ही आहे. घोटाळा इथे होतो. व्हिक्टोरिया म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. व्हिम म्हणताना दात कुठेच लागत नाहीत. ओठांचा चंबू करायचा, जणू ‘उ’ म्हणणार आहात, आणि पटकन ‘इम’वर यायचं. उइम, उइम, उइम. एच बहुतेक जण उच्चारत नाहीत. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मात्र पुष्कळ लोक आधी श्वास सोडून ‘ह्विम’सारखं काहीतरी म्हणतात.

दात लावून म्हटलंत तर दुसराच शब्द होतो, आणि तो इंग्रजीत खरोखर आहे. भांडी घासायच्या साबणाच्या वडीवर वाचतो तो, व्हीने सुरू होणारा. त्याचा अर्थ जोम, उत्साह. ‘विम अँड व्हिगर’ असा तो जोडीने येतो. लहर कुठे आणि जोम कुठे! आरशासमोर उभं राहून दहा वेळा दोन्ही म्हणा. लहरीचा शब्द म्हणताना दात दिसले की चुकलं.

तिसरी पायरी: सुटा शब्द पाठ करू नका, अख्खा तुकडा पाठ करा

‘ऑन अ व्हिम’. तिन्ही शब्द एकत्र. मराठीत आपण ‘लहरीत’ म्हणतो, म्हणून तोंडात ‘इन व्हिम’ येतं. ‘लहरीने’ म्हणतो म्हणून ‘बाय व्हिम’ येतं. दोन्ही नाही. आणि मधला छोटा ‘अ’ गाळायचा नाही. इम्पल्सचं उलट आहे: ‘ऑन इम्पल्स’ असं ‘अ’शिवाय चालतं, ‘ऑन ॲन इम्पल्स’ही चालतं. व्हिमला ती सवलत नाही.

हा तुकडा केलेल्या कृतीला लागतो, म्हणून वाक्य बहुतेक भूतकाळी असतं. संध्याकाळी सहाची विरार लोकल, बायकांचा डबा, टिकल्या-क्लिपा-कानातले विकणारी मुलगी गर्दीतून वाट काढत येते. तिच्या हातातल्या पुठ्ठ्यावर कानातल्यांचे तीसेक जोड टोचलेले असतात. तुमचा कानातले घ्यायचा काही विचार नव्हता, पण एक हिरवा जोड दिसतो, वीस रुपये निघतात, आणि अंधेरी यायच्या आत ते कानात असतात. ‘आय बॉट दीज इअररिंग्ज ऑन अ व्हिम.’ यापेक्षा नेमकं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. कारण नाही, योजना नाही, पश्चात्तापही नाही.

आता तीच गोष्ट सुपरमार्केटमध्ये पाहा. बिलाच्या रांगेत, हाताशी, चॉकलेटं आणि च्युइंगगम मांडलेली असतात. ती तिथे मुद्दाम ठेवलेली असतात, थांबलेल्या माणसाचा हात जावा म्हणून. या खरेदीला ‘इम्पल्स बाइंग’ म्हणतात, व्हिम बाइंग कुणी म्हणत नाही. इम्पल्स लॅटिनमधल्या ‘ढकलणं’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. पदार्थविज्ञानातही इम्पल्स म्हणजे बल गुणिले वेळ, बॅट चेंडूला देते तो. म्हणजे इम्पल्सला मागून धक्का लागतो. अर्ज आतून दाबतो. व्हिम वाऱ्याच्या झुळकीसारखा येतो, झुळूक कुठून आली ते कुणी विचारत नाही. तिघांत गोंधळ झाला की धक्का, दाब आणि झुळूक आठवा.

‘ऑन द स्पर ऑफ द मोमेंट’ही याच घरातला. स्पर म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेला लावलेला काटा. आपण घोड्याला टाच मारली म्हणतो तेच. क्षणाने टाच मारली आणि निघालो. गेटवेवर फिरायला गेलात, मांडव्याची बोट सुटायच्या बेतात दिसली, तिकीट काढलं आणि चढलात, तर हा तुकडा वापरा. इथे व्हिमही चालेल. फरक एवढाच की स्परमध्ये घाई आहे.

थोडं शब्दाच्या कुळाबद्दल, कारण ते मला आवडतं. इंग्रजीत आधी ‘व्हिम-व्हॅम’ असा जोडशब्द होता, सोळाव्या शतकातला, आपल्या चटकमटकसारखा. अर्थ किरकोळ शोभेची वस्तू, फुटकळ काहीतरी. सतराव्या शतकात त्याचा ‘व्हिम’ झाला. खाणींमध्ये घोडा गोल फिरवून दोराने बादली वर खेचायच्या रहाटालाही व्हिम म्हणत. जुन्या खाणीचं वर्णन वाचताना हा शब्द भेटला तर लहरीचा अर्थ लावत बसू नका.

चौथी पायरी: लहर कुणाची, आणि भोगतं कोण?

मुंबईत नोकरी करणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल तो हा भाग, म्हणून इथे जरा थांबते.

स्वतःबद्दल व्हिम म्हटलं तर ते हलकं, प्रसन्न असतं. दुसऱ्याबद्दल म्हटलं की ती तक्रार होते. आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याबद्दल म्हटलं की थेट आरोप. ‘ॲट द व्हिम ऑफ’ म्हणजे एखाद्याच्या लहरीवर अवलंबून. ‘अवर शिफ्ट्स चेंज ॲट द मॅनेजर्स व्हिम.’ मॅनेजरसाहेबांच्या मनाला येईल तशा आमच्या पाळ्या बदलतात. हे वाक्य कँटीनमध्ये बोलणं वेगळं आणि ईमेलमध्ये लिहिणं वेगळं. ईमेलमध्ये लिहायचं तर ‘विदाउट प्रायर नोटिस’ लिहा, म्हणजे आगाऊ न कळवता. जे घडलं ते तेवढं सांगा, साहेबांच्या मनात काय होतं त्यावर निवाडा देऊ नका.

मराठी माणसाला हे पटकन कळतं, कारण ‘तुघलकी फर्मान’ म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही. महंमद तुघलकाने 1327 साली दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीला आणायचं ठरवलं आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. त्यामागे दक्षिणेवर पकड ठेवायचा हिशेब होता असं इतिहासकार सांगतात, पण ज्यांना घरदार उचलून चालावं लागलं त्यांच्या बाजूने ती लहरच होती. लहर कुणाची आणि पायपीट कुणाची, हा प्रश्न ‘ॲट द व्हिम ऑफ’मध्ये कायम असतो.

आपल्या न्यायालयांच्या भाषेतही हा शब्द आहे, आणि फार मोठ्या जागी आहे. 1974 साली ई. पी. रॉयप्पा विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलं की समता आणि मनमानी या एकमेकींच्या कट्टर वैरी आहेत. एक प्रजासत्ताकातल्या कायद्याच्या राज्याची, तर दुसरी निरंकुश राजाच्या ‘व्हिम अँड कॅप्रिस’ची. कॅप्रिस म्हणजेही लहरच, पण जरा खट्याळ, क्षणात फिरणारी. तो शब्द इटालियनमधून आला. संविधानाच्या 14 व्या कलमाबद्दल शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाक्य भेटतं. कानातल्यांच्या वीस रुपयांना चालणारा शब्द तिथे राजसत्तेला लावलेला आहे. शब्द तोच, पण कुणाच्या हातात काय आहे यावरून त्याचं वजन बदलतं.

‘व्हिम्स अँड फॅन्सीज’ ही जोडी आपल्या कचेऱ्यांत इतकी रुळली आहे की सोसायटीच्या सभेतही ऐकू येते: ‘यू कॅनॉट रन द सोसायटी ॲज पर युअर व्हिम्स अँड फॅन्सीज.’ अर्थ, मनाला येईल तसा कारभार चालणार नाही. वाक्य बरोबर आहे, पण भांडणाचं आहे. शेजाऱ्याला प्रेमाने काही सांगायचं असेल तर हे वापरू नका.

पावसाबद्दल मात्र व्हिम फारसं ऐकू येणार नाही. लहरी पावसासाठी इंग्रजी वर्तमानपत्रं ‘व्हेगरीज ऑफ द मान्सून’ म्हणतात. मुळातला अर्थ भटकणं. जूनमध्ये येतो म्हणून सांगून जुलैपर्यंत कुठेतरी भटकत राहणाऱ्या पावसाला हा शब्द चपखल आहे.

पाचवी पायरी: व्हिम्सिकल जपून

व्हिमच्याच कुळातला व्हिम्सिकल. इथे आपल्याकडचे चांगले जाणकारही अडखळतात. भारतीय सरकारी आणि कोर्टाच्या इंग्रजीत ‘व्हिम्सिकल डिसिजन’ म्हणजे मनमानी निर्णय, शिवीच म्हणा. पण इंग्लंड-अमेरिकेत व्हिम्सिकल हे बहुधा कौतुक असतं: गमतीदार, कल्पक, किंचित विक्षिप्त पण लोभस. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. लांब नाकांची, गोल डोळ्यांची माणसं, प्रत्येकाची काहीतरी गडबड चाललेली. त्यांना व्हिम्सिकल म्हणतात ते या अर्थाने. परदेशी क्लायंटने तुमच्या डिझाइनला व्हिम्सिकल म्हटलं तर तोंड पाडू नका. आणि तुम्ही त्याच्या निर्णयाला व्हिम्सिकल म्हणालात तर तो कदाचित खूशच होईल, मग तुमची तक्रार पोचणारच नाही. तिथे ‘आर्बिट्ररी’ म्हणा.

माणसाच्या स्वभावाबद्दल बोलायचं तर ‘इम्पल्सिव्ह’ हा शब्द आहे: विचार न करता उडी घेणारा. मुलाखतीत स्वतःचे दोष सांगताना पुष्कळ जण हा सांगतात. मी सांगू नका म्हणते. ज्याच्या हाती पैसे किंवा यंत्र सोपवायचं आहे तो इम्पल्सिव्ह असेल तर कोण नोकरी देईल? चांगल्या अर्थाने उत्स्फूर्त म्हणायचं असेल तर ‘स्पॉन्टेनियस’.

सरावासाठी

मुलाखत, रजेचा अर्ज, डॉक्टर, पोलीस, बँक: या पाच ठिकाणी ‘ऑन अ व्हिम’ तोंडात येऊ द्यायचं नाही. तिथे समोरचा माणूस कारण विचारत असतो, आणि हा शब्द सांगतो की कारण नाही. औषध मध्येच का बंद केलं, या प्रश्नाला खरं कारण सांगा, मळमळ होत होती म्हणा, पैसे नव्हते म्हणा. साताऱ्याच्या त्या मुलाने पुढच्या मुलाखतीसाठी एकच वाक्य वहीत लिहून घेतलं: ‘आय रिझाइन्ड बिकॉज माय फादर वॉज इल अँड आय कुड नॉट डू नाइट शिफ्ट्स.’ साधं, खरं, आणि त्याच्या चार महिन्यांच्या विचाराला न्याय देणारं.

बाकी सगळीकडे मोकळेपणाने वापरा. मी वर्गात एक गृहपाठ देते. आठवडाभर, जे जे काही कारणाशिवाय केलं ते ते रोज एका वाक्यात लिहायचं. पहिले दोन दिवस वह्या कोऱ्या येतात. ‘बाई, आम्ही कारणाशिवाय काही करतच नाही,’ असं सांगतात, आणि पहाटे साडेचारला उठणाऱ्यांकडून ते ऐकताना मला गलबलून येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाक्यं यायला लागतात. दादरच्या फुलबाजारातून जाताना चाफ्याची दोन फुलं घेतली. जुन्या मैत्रिणीला फोन केला. वडापाव दोन खाल्ले.

नालासोपाऱ्याहून रोज ग्रँट रोडला कामाला येणाऱ्या एका मावशींनी गेल्या वर्षी लिहिलं होतं: ‘आय डिड नॉट गेट डाउन ॲट ग्रँट रोड. आय गॉट डाउन ॲट चर्नी रोड ऑन अ व्हिम अँड सॅट बाय द सी फॉर हाफ ॲन अवर.’ ‘गेट डाउन’ला आता इंग्रज ‘गेट ऑफ’ म्हणतात, ते दोन्ही ठिकाणी लाल पेनाने दुरुस्त केलं. बाकी वाक्याला हात लावला नाही.